डिस्क, ड्रम आणि बालाघाटाचा उतार

जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले की ती गाडी घाटात निर्धास्त होते, ही समजूत जुन्या जीप आणि फियाट सांभाळणाऱ्यांमध्ये बरीच पक्की आहे. तिच्या बाजूने दिली जाणारी कारणे वरवर बिनतोड वाटतात: आजच्या जवळजवळ प्रत्येक मोटारीला निदान पुढे तरी डिस्क असते, ड्रम हे मागच्या पिढीचे तंत्र आहे, आणि भंगारात निघालेल्या एखाद्या नव्या गाडीची डिस्क, कॅलिपर व हब आणले की थोडक्यात काम भागते. यातली पहिली दोन विधाने बहुतांशी खरी आहेत, तिसरे घातक आहे, आणि तिघांची बेरीज करून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. 'डिस्क टाकली' एवढ्या दोन शब्दांत सुधारणा पुरी झाली असे मानले जाते, तेव्हा पेडलपासून टायरपर्यंतच्या साखळीतली एकच कडी बदललेली असते, आणि पुष्कळदा त्या एका बदलापायी उरलेल्या कड्या पूर्वीपेक्षा दुबळ्या ठरतात.

हा प्रश्न बीड जिल्ह्याच्या संदर्भात तपासण्याला सबळ कारण आहे. जिल्ह्याच्या मधून बालाघाटाची रांग जाते. गेवराई, माजलगाव हा गोदावरीच्या अंगाचा सखल भाग एका बाजूला आणि पाटोदा, केज, अंबाजोगाई हे पठार दुसऱ्या बाजूला, त्यामुळे एका भागातून दुसऱ्यात जाताना कुठे ना कुठे घाट उतरावाच लागतो. मांजरसुंब्याहून बीडकडे येणारा उतार आणि धारूरहून तेलगावकडे उतरणारा अरुंद, वळणावळणाचा घाट हे दोन्ही चालकांच्या तोंडी असलेले नमुने आहेत. बीड शहरात प्रवासी रेल्वे पोचायला २०२५ साल उजाडले. तोवर माणसे, धान्य आणि वऱ्हाडे यांची ने-आण रस्त्यानेच झाली, आणि गावोगावच्या रस्त्यांवर ती बरीचशी जीपने केली. म्हणूनच येथे जुनी जीप ही संग्रहातली शोभेची वस्तू क्वचित असते. एमएच-२३ किंवा अंबाजोगाईच्या एमएच-४४ क्रमांकाची जीप आजही शेतावर जाते आणि लग्नसराईत सजवून रस्त्यावर येते. अशा गाडीचा ब्रेक हा छंदाचा विषय राहत नाही.

आधी दोन्ही रचना समजून घेणे आवश्यक आहे. ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारा ओतीव लोखंडाचा टोपासारखा ड्रम असतो आणि त्याच्या आत अर्धगोल आकाराचे दोन शू असतात. पेडल दाबले की व्हील सिलिंडर हे शू बाहेर ढकलतो आणि त्यांच्यावरचे लायनर, म्हणजे घर्षण करणारा थर, ड्रमच्या आतल्या बाजूला घासतो. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक उघडी चकती फिरते आणि कॅलिपर नावाचा चिमटा दोन पॅडांमध्ये तिला दाबून धरतो. तापल्यावरचे वागणे हा या दोहोंतला निर्णायक फरक आहे. ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून दूर सरतो, शूला अधिक लांब जावे लागते, आणि पेडल दर वळणाला थोडे अधिक खाली जाते. शिवाय बंदिस्त जागेतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही आणि फार तापलेल्या लायनरची पकड घटते. चकती तापली तर ती फुगून पॅडाच्या अंगावरच येते आणि वाहत्या हवेत लवकर निवते. उष्णतेने ब्रेकची पकड अशी उतरत जाणे, ज्याला चालक 'ब्रेक मरतो' असे नेमके म्हणतात, ते डिस्कमध्ये पुष्कळ कमी आढळते. ओढ्यातून गाडी काढल्यावर ड्रममध्ये पाणी राहून पहिले काही दाब फुकट जातात, तसेही डिस्कमध्ये होत नाही. एवढे डिस्कच्या पदरात निर्विवाद टाकले पाहिजे.

उष्णतेचा हिशोब आकड्यांत मांडला तर घाट काय करतो ते स्पष्ट होते. माणसांसह सुमारे १२०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवताना ब्रेकला अंदाजे १६७ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गिळावी लागते. तीच गाडी शंभर मीटर उंचीचा उतार केवळ ब्रेकच्या आधाराने उतरली, तर ही ऊर्जा सुमारे ११८० किलोज्यूल होते. म्हणजे साठच्या वेगावरून लागोपाठ सात वेळा करकचून थांबण्याइतकी. चारही ड्रमांचे वजन मिळून वीस किलो धरले आणि उष्णता कुठेच निसटली नाही असे मानले, तर त्यांचे तापमान सव्वाशे अंशांहून अधिक वाढेल, आणि बीडच्या उन्हाळ्यात सुरुवातच चाळिशीच्या पुढून होते. त्यातच उसाच्या हंगामात पुढे दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असला, तर मागच्या गाडीला स्वतःच्या गतीने घाट उतरण्याची मुभाच राहत नाही; धर-सोड, धर-सोड असा ब्रेक मारत तिला त्याच्या मागे रांगावे लागते.

मात्र येथूनच समजुतीचा पहिला खांब डळमळतो. डिस्कमुळे गाडी कमी अंतरात थांबते असे सर्रास सांगितले जाते, आणि ते या सरळ अर्थाने खरे नाही. गाडी शेवटी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीने. कोरड्या डांबरावर ही पकड साधारण ०.७ धरली, तर साठच्या वेगावरून थांबायला सुमारे वीस मीटर लागतात. माती पसरलेल्या वळणावर ती ०.४ वर आली की हेच अंतर पस्तीस मीटरच्या घरात जाते. जुळवून घेतलेला थंड ड्रम ब्रेक चाक जाम करू शकतो, म्हणजे टायर देऊ शकेल तेवढी सगळी पकड वापरू शकतो, आणि त्यापलीकडे चकतीलाही काही करता येत नाही. डिस्कचा खरा लाभ दहाव्या, पंधराव्या ब्रेकला दिसतो आणि पायाखालच्या नियंत्रणात दिसतो. ज्या जीपला १६ इंची रिमवर कडक झालेले, दहा-बारा वर्षांचे टायर आहेत तिला चकती बसवणे म्हणजे गळक्या बादलीला नवा दोर बांधणे आहे.

दुसरा खांब अधिक खोल आहे, कारण तो ड्रमच्या एका गुणाविषयीच्या अज्ञानावर उभा आहे. ड्रम फिरत असताना त्याच्या फिरण्याच्या दिशेने रेटला जाणारा शू घर्षणामुळे आपोआप ड्रमकडे आणखी ओढला जातो. चालकाच्या पायाच्या जोरात ड्रम स्वतःची भर घालतो, आणि म्हणूनच विलीस जीप किंवा फियाट अकराशे यांसारख्या गाड्या पायाचा जोर वाढवणाऱ्या कोणत्याही बूस्टरशिवाय नुसत्या पायाने थांबत आल्या. चकतीला हा गुण नाही. ती पॅडाला ओढून घेत नाही. जेवढा दाब मिळेल तेवढेच काम करते. म्हणून डिस्कच्या कॅलिपरमधला पिस्टन मोठा ठेवावा लागतो. उदाहरणादाखल, ४८ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ २५ मिलिमीटरच्या व्हील सिलिंडरच्या साडेतीनपटीहून अधिक भरते, आणि त्याला हलवायला त्या प्रमाणात अधिक ब्रेक ऑइल लागते. जुना मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर द्रवाच्या दाबात बदलणारा मुख्य पंप, एका दाबात तेवढे ऑइल पुरवू शकत नाही, आणि पेडल फळीला टेकते. यावरचा प्रचलित उपाय म्हणजे मोठा मास्टर सिलिंडर लावणे. पण पाऊण इंची सिलिंडर काढून सात-अष्टमांश इंची लावला, तर क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढते आणि त्याच पायाच्या जोरात मिळणारा दाब सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. पेडल वर येते, कडक लागते, मालक खूश होतो; गाडी मात्र पूर्वीपेक्षा कमी थांबते. कडक पेडल म्हणजे चांगला ब्रेक, ही या सगळ्या व्यवहारातली सर्वांत महागडी भूल होय.

त्याच सिलिंडरात आणखी एक बारीक भाग दडलेला असतो. ड्रमच्या नळ्यांमध्ये पेडल सोडल्यानंतरही थोडा दाब, साधारण वातावरणीय दाबाच्या दोन-तृतीयांश इतका, राखून ठेवणारी झडप जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये असते. तिच्यामुळे व्हील सिलिंडरचे रबरी कप ताठ राहतात आणि हवा आत शिरत नाही. ही झडप तशीच ठेवून पुढे कॅलिपर जोडला की पॅड चकतीवर कायम घासत राहतात, चाक तापते, आणि डिस्कचा जो एकमेव मोठा लाभ, तो थंडपणाच हातचा जातो. झडप काढून टाकली तर जीपमध्ये उलटी अडचण येते, कारण विलीस बनावटीच्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखालच्या पत्र्याखाली चॅसिसला असतो. तो कॅलिपरपेक्षा खाली राहिला तर ऑइल उताराने मागे झिरपते आणि सकाळचा पहिला ब्रेक पोकळ जातो. अशा ठिकाणी अगदी अल्प दाब राखणारी वेगळी झडप लागते. ही झडप मागितली असता दुकानदाराच्या चेहऱ्यावर जे प्रश्नचिन्ह उमटते, त्यावरून ती किती गाड्यांमध्ये बसवली जात असेल याचा अंदाज करता येतो.

घटलेला दाब भरून काढायला बूस्टर लागतो, आणि येथे डिझेलचा मुद्दा येतो. बूस्टर हा इंजिनातल्या निर्वातावर, म्हणजे हवा ओढून घेतल्यामुळे निर्माण झालेल्या पोकळीवर, चालतो. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झाकण असल्यामुळे ही पोकळी आपसूक मिळते. डिझेल इंजिनात तसे झाकण नसते, म्हणून त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप जोडावा लागतो. पूजो बनावटीच्या डिझेल इंजिनाच्या महिंद्रा जीप आणि मूळचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या फियाट, या दोन्ही प्रकारच्या गाड्यांत पंपाविना बूस्टर हा बॉनेटखालचा शोभेचा डबा ठरतो. पंप असला तरी इंजिन बंद करून घाट उतरण्याची खोड त्याचा उपयोग संपवते, कारण साठलेल्या निर्वातावर एक-दोन दाबच जोरकस लागतात. डिझेलची बचत म्हणून न्यूट्रलमध्ये उतरणे हाही त्याच माळेतला मणी आहे. तेव्हा इंजिनाचा रोध मिळत नाही आणि वर हिशोबलेली सगळी उष्णता ब्रेकवर येते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा चालकांचा जुना नियम कोणत्याही चकतीपेक्षा अधिक उष्णता वाचवतो, आणि त्याला खर्च शून्य आहे.

पुढच्या आणि मागच्या चाकांतला तोल हा पुढचा मुद्दा. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाके हलकी होतात. जीपचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधले अंतर, सीजे-३बी या नमुन्यात अवघे २०३२ मिलिमीटर आहे, तर फियाट अकराशेमध्ये २३४०. गाडी जितकी आखूड आणि उंच, तितका हा झोल जास्त. पुढे स्वतःहून न ओढणारी चकती आणि मागे स्वतःहून ओढणारा ड्रम असा जोड दाबाचे प्रमाण न बदलता केला, तर जोराच्या ब्रेकला मागचे चाक आधी जाम होते आणि गाडी आडवी फिरते. कारखान्यातून आलेल्या गाड्यांत मागचा दाब रोखणारी झडप याचसाठी असते. हिच्याविना केलेली सुधारणा सपाट रस्त्यावर महिनोन्महिने बिनधोक वाटते, आणि पावसाने ओल्या झालेल्या पहिल्या उतारावर तिचे सोंग उघडे पडते.

मूळ रूपाला हात लावू नये असे म्हणणारा दुसरा पक्ष यामुळे बरोबर ठरतो काय, असा प्रश्न येथे निघू शकतो. तसे होत नाही, आणि त्याचे सर्वांत चांगले उत्तर फियाटच्याच इतिहासात आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून जी 'अकराशे डिलाइट' बनली आणि १९७४ पासून जी पद्मिनी म्हणून ओळखली गेली, तिची इटलीतली बहीण अकराशे-आर १९६६ मध्येच पुढच्या चाकांना डिस्क घेऊन आली. कुर्ल्याची गाडी मात्र आधीच्या अकराशे-डी या नमुन्यावर थांबली आणि पुढे दशकानुदशके ड्रमवरच धावली. स्पर्धा नसलेल्या, परवान्यांनी बांधलेल्या आणि प्रतीक्षायादीवर जगणाऱ्या बाजारपेठेत ब्रेक बदलण्याची निकड कारखान्याला वाटली नाही, एवढाच याचा अर्थ आहे. तेव्हा पद्मिनीच्या ड्रमला निर्मात्याचा पवित्र संकल्प मानणे म्हणजे आयात-निर्बंधाला सौंदर्यदृष्टी समजणे होय. कायद्याचा आधारही या पक्षाला वाटतो तेवढा भक्कम नाही. जुलै २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंद होण्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते, पण तेथे मोठ्या फेरफाराचा उल्लेख चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांच्या संदर्भात येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा रोखही नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ रचनेपासून वेगळे होण्यावर आहे.

परंतु कायदा आडवा येत नाही म्हणून वेल्डिंगही क्षम्य होत नाही. कॅलिपर पकडणारी बैठक हा या कामातला सर्वांत धोक्याचा भाग आहे. ती गॅस कटरने जाड पत्र्यातून कापून चाकाच्या नकलवर, म्हणजे चाक तोलणाऱ्या घडीव पोलादाच्या सांध्यावर, वेल्ड करण्याची पद्धत ठिकठिकाणी दिसते. घडीव पोलादाला ठरावीक उष्णता-प्रक्रियेने बळ आलेले असते. वेल्डिंगच्या आचेने त्या जागेचे गुणधर्म बदलतात आणि सांध्याच्या कडेला तडा जाऊ शकतो. ब्रेकचा सगळा पीळ नेमका त्याच ठिकाणी येतो. मूळच्या भोकांतच बोल्टने आवळलेली, नीट मापून केलेली बैठक हाच येथे एकमेव मान्य मार्ग आहे. मागच्या चाकांनाही डिस्क लावण्याचा उत्साह आणखी एक घोळ घालतो: पद्मिनीचा हँडब्रेक मागच्या ड्रममध्येच काम करतो, त्यामुळे ड्रम गेला की हँडब्रेकही जातो आणि चढावर उभी केलेली गाडी चाकाखालच्या दगडाच्या भरवशावर राहते. जुन्या जीपमध्ये हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर असल्याने ही अडचण येत नाही, एवढा तिचा फायदा.

या समजुतीचे मूळ बहुधा ड्रमच्या बिघडलेल्या रूपात आहे. ज्या ब्रेकशी डिस्कची तुलना केली जाते तो ब्रेक वर्षानुवर्षे उघडलेलाच नसतो. विलीस पद्धतीच्या जीपचा ड्रम ओढून काढला की आतून काळ्या भुकटीचा ढीग पडतो. ती भुकटी हवेच्या झोताने उडवण्याची सवय जुन्या लायनरमधल्या ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाला घातक असल्याने ओल्या फडक्याने पुसणेच योग्य. लायनरवर काचेसारखी चकाकी आलेली असते, ड्रमच्या आतल्या कडेवर रिव्हेटने कोरलेली चर बोटाला लागते, आणि जास्त तापलेल्या जागी निळसर डाग दिसतात. व्हील सिलिंडरची रबरी टोपी नखाने उचलली की खालून तपकिरी पाणी ओघळते, आणि ॲक्सलचे सील गळत असेल तर शूचा खालचा भाग तेलाने चोपडलेला असतो. जुन्या रचनेत पुढच्या शूचे लायनर मागच्याहून लांब असते, आणि ते दोन शू अदलाबदल होऊन बसलेले आढळणे ही नित्याची गोष्ट आहे. अशा ब्रेकला नवी चकती हरवते यात नवल कसले?

हाच ब्रेक नीट केल्यावर काय होते, हा तुलनेचा खरा प्रश्न आहे. ड्रम लेथवर घासून गोल करणे, नवे लायनर ड्रमच्या गोलाईला जुळेपर्यंत घासणे, चारही व्हील सिलिंडर आणि रबरी नळ्या बदलणे, आणि मग चाक जॅकवर उचलून मागच्या थाळीतला ॲडजस्टर फिरवत चाक घासू लागेपर्यंत आणणे व ती घासघास जेमतेम थांबेल एवढाच मागे सोडणे, हे काम मन लावून केले तर पेडल अर्ध्यावर उभे राहते आणि गाडी एका बाजूला ओढत नाही. त्याच खर्चात दुहेरी मास्टर सिलिंडर बसवावा. जुन्या गाड्यांत चारही चाकांचे ऑइल एकाच मार्गाने जाते, म्हणून एक नळी फुटली की सगळा ब्रेक जातो. दुहेरी सिलिंडरमध्ये पुढचा आणि मागचा मार्ग वेगळा असल्याने निदान अर्धा ब्रेक उरतो. अमेरिकेत ही विभागणी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सक्तीची झाली, डिस्क मात्र सक्तीची झाली नाही. सक्तीचा हा क्रम विचार करण्याजोगा आहे.

ब्रेक ऑइलचेही तसेच. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट-३ प्रकारचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १४० अंशांची आहे, आणि उकळले की नळीत वाफ होऊन पेडल रिकामे जाते. कॅलिपरचा पिस्टन तापलेल्या पॅडाला थेट टेकत असल्यामुळे डिस्कमध्ये ऑइलला बसणारी धग ड्रमपेक्षा जास्त असते, म्हणजे ऑइल बदलण्याची हयगय करणाऱ्याला डिस्क अधिक लवकर दगा देते.

एवढे सगळे करायचे तर डिस्कचे काम महाग पडेल, हा आक्षेप रास्त आहे, आणि त्यातच या वादाचा निकाल आहे. जो मालक चकतीबरोबर योग्य मापाचा दुहेरी मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि डिझेल असल्यास पंप, मागच्या दाबाची झडप, बोल्टची बैठक आणि नवे टायर यांचा खर्च करील, त्याने डिस्क जरूर बसवावी. घाटात तिचा लाभ मोठा आहे. ज्याला एवढे झेपत नाही, त्याने चकतीचा नाद सोडून ड्रम उघडावेत. काम कोणतेही झाले असले, तरी त्याची परीक्षा एकच आणि सोपी आहे. धारूरचा घाट तेलगावच्या बाजूला उतरून, सपाटीवर गाडी कडेला लावावी, आणि बाटलीतले पाणी चिमटीने चारही चाकांच्या मधल्या भागावर शिंपडावे. पुढच्या दोन्ही चाकांवर थेंब सारख्याच वेगाने चुरचुरून उडाले आणि मागच्या दोन्हींवर सारख्याच संथपणे सुकले, तर ब्रेक जुळलेला आहे. एकावर थेंब टणकन उडाला आणि शेजारच्यावर नुसता ओघळला, तर ती दोन्ही चाके पुन्हा उघडावी लागतील, मग आत चकती असो वा ड्रम.